यादीतली आमची ओळ

आमच्या संस्थेचं नाव सरकारी अनुदानाच्या यादीत पहिल्यांदा छापून आलं, तेव्हा ती ओळ मी तीनदा वाचली. अनुक्रमांक, संस्थेचं नाव, प्रयोजन, रक्कम. प्रयोजनाच्या रकान्यात दोनच शब्द होते : 'सांस्कृतिक कार्यक्रम'.

अर्ज २६ पानांचा होता. ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर दोन वर्षं काम करून बाहुलीनाट्य बसवायचं, असा आमचा प्रकल्प. त्यात एक अडचण होती. बाहुली हलवणाऱ्याचे हात बाहुलीत अडकलेले असतात आणि या मुलांची भाषा तर हातांत असते. बाहुली नाचवायला घेतली की मूल मुकं होतं. म्हणून आमच्या दिग्दर्शक ताईंनी एका बाहुलीमागे दोन मुलं ठेवायचं ठरवलं, एक बाहुली हलवणार आणि दुसरं शेजारी उभं राहून तिचं बोलणं खुणांच्या भाषेत सांगणार. त्यामुळे मुलांची संख्या दुप्पट झाली, रंगमंच रुंद लागला, प्रकाशयोजना हातांवर नेमकी पडेल अशी लागली, खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाईंचे तास वाढले. मी संस्थेची खजिनदार. यातली प्रत्येक गोष्ट अंदाजपत्रकात का आली आहे, हे मी चार रात्री बसून एकेक वाक्यात लिहिलं होतं.

यादीत त्या सगळ्याचे दोन शब्द झाले.

तरी तेव्हा मला आनंदच झाला होता. खरी अडचण दोन महिन्यांनी पालकसभेत आली. एका मुलाचे वडील उठून उभे राहिले. त्यांनी यादीचं पान छापून आणलं होतं. म्हणाले, "ताई, इथे एवढी रक्कम लिहिली आहे. मग बाहुल्यांच्या कपड्यांसाठी जुनं कापड आमच्याकडून का मागवलंत?"

खोलीत एकदम शांतता पसरली. आमच्या हातात तोवर फक्त पहिला हप्ता आला होता, तोही निम्म्याहून कमी. उरलेली रक्कम पहिल्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र (म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि लेखापरीक्षकाच्या सहीचा जमाखर्च पोचल्यावर मिळणार होती. हे मी सांगितलं. पण माझा आवाज कापत होता आणि आवाज कापला की खरं सांगतानाही माणूस खोटं बोलतोय असं वाटतं. दोन रात्री मला झोप आली नाही. अकरा वर्षं मी या संस्थेचे हिशेब सांभाळतेय, एका पावतीचीही चूक झालेली नाही.

तिसऱ्या दिवशी वेगळा विचार सुचला. त्या गृहस्थांनी काय चूक केली होती? जनतेच्या पैशाची यादी प्रसिद्ध झाली, त्यांनी ती वाचली, समोर दिसणाऱ्या कामाशी ताडून पाहिली आणि जाहीरपणे प्रश्न विचारला. यादी ज्यासाठी छापतात तेच त्यांनी केलं. चूक यादीत होती. अनुदानाचे किमान तीन आकडे असतात : मंजूर झालेला, प्रत्यक्ष खात्यात जमा झालेला आणि खर्च झालेला. या तिन्हींमध्ये कधी सहा महिन्यांचं, कधी दोन वर्षांचं अंतर असतं. यादीत एकच आकडा होता आणि तो कोणता, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मला अनुदानाच्या याद्या वाचायची सवय लागली. रात्री जेवणं उरकली की वही घेऊन बसते आणि वेगवेगळ्या देशांचे रकाने शेजारी शेजारी मांडते. वाचायला सुरुवात केली आणि थक्क झाले. हीच माहिती किती नीट देता येते! इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांना २०१५ची पारदर्शकता संहिता लागू आहे. स्वयंसेवी आणि सामाजिक संस्थांना दिलेल्या प्रत्येक अनुदानाची तारीख, ते किती काळासाठी आहे, कोणत्या विभागाने दिलं, कोणाला दिलं, संस्थेचा नोंदणी क्रमांक काय, कशासाठी दिलं आणि किती दिलं, हे दरवर्षी सांगावंच लागतं. 'किती काळासाठी' हा रकाना पाहून मी वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या. तो आमच्या यादीत असता, तर पालकांना निदान हे पैसे दोन वर्षांचे आहेत एवढं तरी कळलं असतं.

ब्रिटनमध्येच 'थ्री-सिक्स्टी गिव्हिंग' नावाचा उपक्रम आहे. सरकारी खाती, लॉटरीचा निधी वाटणाऱ्या संस्था, खासगी न्यास अशा सगळ्यांनी आपली अनुदानं एकाच साच्यात प्रसिद्ध करावीत, यासाठी त्यांनी एक प्रमाण ठरवलं आहे. त्यात दहा रकाने सक्तीचे आहेत. अनुदानाचा स्वतंत्र क्रमांक, शीर्षक, वर्णन, चलन, रक्कम, तारीख, आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांची नावं व ओळख क्रमांक. हे ओळख क्रमांक फार मोलाचे. एकच संस्था एका यादीत 'मंडळ', दुसरीत 'मंडळी' आणि तिसरीत नुसती आद्याक्षरं अशी आली, तर तिला एकूण किती मिळालं हे कुणालाच सांगता येत नाही. आणि शीर्षकाशिवाय वर्णन वेगळं मागितलंय, म्हणजे निदान साच्यात तरी दोन शब्दांपेक्षा जास्त जागा ठेवलेली आहे.

वेळेचाही प्रश्न असतो. ऑस्ट्रेलियात केंद्र सरकारचं अनुदान मंजूर होऊन करार लागू झाला की २१ दिवसांत ते 'ग्रँटकनेक्ट' या संकेतस्थळावर यायला हवं, असा नियम आहे. कॅनडात २५,००० डॉलरच्या वरची अनुदानं दर तिमाहीला जाहीर करतात. युरोपीय आयोगाची यादी वर्षातून एकदा येते, २००७पासूनची माहिती तिच्यात आहे. वर्षाने आलेली यादी इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडते. पण समोर काम चालू असताना प्रश्न विचारायचा असेल, तर ती तीन आठवड्यांतच हवी.

हे नियम कुणाला सहज सुचलेले नाहीत. त्यांच्यामागे काय घडलं ते वाचताना माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्या बाईला त्रास होतो, कारण त्या प्रत्येक प्रकरणात कुठल्या तरी लहान संस्थेच्या वाट्याचे पैसे भलतीकडे गेलेले आहेत.

कॅनडाचंच घ्या. क्वेबेक प्रांतात १९९५मध्ये सार्वमत झालं आणि वेगळं होण्याचा प्रस्ताव थोडक्यात फेटाळला गेला. त्यानंतर केंद्र सरकारची ओळख लोकांसमोर राहावी म्हणून तिथले सांस्कृतिक, सामाजिक आणि क्रीडा कार्यक्रम प्रायोजित करायची योजना आली. महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांचा अहवाल फेब्रुवारी २००४मध्ये संसदेत मांडला गेला, तेव्हा कळलं की १९९७ ते २००३ या काळात सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यातले १० कोटींहून जास्त जाहिरात-प्रसिद्धी कंपन्यांच्या शुल्कात आणि दलालीत गेले. उत्सव आणि मेळे खरेच भरले होते. पण त्यांच्या नावावर निघालेल्या पैशांतला मोठा वाटा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. नुसतं 'अमुक महोत्सवाला इतके' असं छापलं असतं, तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं का? पैसा कोणाच्या हातून गेला आणि मधे किती थांबला, हे त्या एका आकड्यातून दिसतच नाही. अनुदानं तिमाहीला जाहीर करायची पद्धत तिथे पुढच्याच वर्षी आली आणि २०१९मध्ये ती कायद्यातच लिहिली गेली.

ऑस्ट्रेलियातली दोन प्रकरणं तर मी एकमेकांशेजारी ठेवून वाचली. पहिलं १९९३चं. योजनेचं नाव होतं सामुदायिक सांस्कृतिक, मनोरंजन व क्रीडा सुविधा योजना, म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच केलेली. कोणत्या गावाला सभागृह द्यायचं आणि कोणत्या संघाला मैदान, हे ठरवताना कारणांची नोंद ठेवली नव्हती, असं लेखापरीक्षणात दिसलं. निवडीचं काम मोठ्या पांढऱ्या फळ्यावर लिहून आणि पुसून केलं होतं, असं मंत्री रॉस केली यांनी सांगितलं आणि १९९४मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. फळा पुसलेला होता, त्यामुळे कोणता अर्ज का मागे पडला हे परत शोधून काढण्याचा मार्गच उरला नव्हता.

दुसरं प्रकरण २०२०चं. १० कोटी डॉलरची सामुदायिक क्रीडा सुविधांची योजना. या वेळी अर्जांना गुण देण्याचं काम सरकारच्या क्रीडा संस्थेने केलं होतं आणि ते गुण कागदावर होते. जानेवारी २०२०मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ते गुण आणि मंत्र्यांच्या कार्यालयाने केलेली निवड शेजारी मांडली. तिसऱ्या फेरीत मंजूर झालेल्यांपैकी ७३ टक्के प्रकल्पांची त्या क्रीडा संस्थेने शिफारसच केलेली नव्हती. निवडणुकीच्या दृष्टीने महत्त्वाच्या मतदारसंघांकडे झुकतं माप होतं, हेही अहवालात स्पष्ट आलं. म्हणजे २६ वर्षांनी तसाच प्रकार पुन्हा घडला, पण या वेळी सिद्ध करता आला, कारण गुणांचा कागद कुणीतरी जपून ठेवला होता.

म्हणून मला आता मिळालेल्यांची यादी अपुरी वाटते. किती अर्ज आले, निकष काय होते, गुण कोणी दिले, शिफारस आणि अंतिम निर्णय यांत कुठे फरक पडला आणि का पडला, हेही तिच्यासोबत यायला हवं. नाकारलेल्या संस्थांची नावं मात्र छापू नयेत असं माझं मत आहे. आमचा अर्ज दोनदा नाकारला गेला होता. ते पत्र आम्हाला हवं होतं, कारणासह हवं होतं. सगळ्यांना दिसेल असं नको होतं. माझ्या ओळखीतल्या एका वाचनालयाच्या खजिनदारांना हे पटत नाही. ते म्हणतात, नावं असली तरच कोण सतत डावललं जातंय ते दिसेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र वाचताना मला फार बळ देऊन गेली. संघराज्याचा खर्च आणि अनुदानं एका शोधता येण्याजोग्या संकेतस्थळावर ठेवण्याचं विधेयक २००६मध्ये टॉम कोबर्न आणि बराक ओबामा या परस्परविरोधी पक्षांतल्या दोन सिनेटरांनी मिळून आणलं. ते अचानक अडकलं. तिथल्या प्रथेप्रमाणे एखादा सिनेटर नाव न सांगता विधेयक रोखून धरू शकत असे. उघडपणाचं विधेयक, आणि ते रोखणाऱ्याचं नाव गुप्त! तेव्हा ब्लॉग लिहिणाऱ्या मंडळींनी आपापल्या वाचकांना सांगितलं की प्रत्येक सिनेटरच्या कार्यालयात फोन करा आणि सरळ विचारा, तुम्ही रोखलंय का? लोकांनी एकेकाला विचारून नावं खोडत नेली. शेवटी टेड स्टीव्हन्स यांच्या कार्यालयाने कबूल केलं, नंतर रॉबर्ट बर्ड यांच्याही. सप्टेंबरमध्ये कायद्यावर सही झाली आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये 'यूएसए स्पेंडिंग' हे संकेतस्थळ सुरू झालं. पालकसभेत उभे राहिलेले ते गृहस्थ मला या फोन करणाऱ्यांचेच भाऊबंद वाटतात.

भारतात कायद्याचा आधार २००५पासून आहे. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४मध्ये सार्वजनिक प्राधिकरणांनी न मागता काय काय प्रसिद्ध करायचं, ते सांगितलं आहे. अर्थसाहाय्याच्या योजना कशा राबवल्या जातात, त्यांना किती रकमा दिल्या आणि लाभार्थी कोण, हेही त्यात येतं. लोक माहिती मागायला कलम ६खाली अर्ज करतात आणि उत्तराची वाट बघतात. कलम ४ नीट पाळलं गेलं तर त्यातले कितीतरी अर्ज करावेच लागणार नाहीत.

पण उघडपणाला दुसरी बाजू आहे आणि तिचा विचार न करता नुसतं 'सगळं छापा' म्हणणं मला पटत नाही. विल्यम प्रॉक्समायर या अमेरिकन सिनेटरांनी १९७५पासून दर महिन्याला एका सरकारी खर्चाला उधळपट्टीचा 'गोल्डन फ्लीस' हा मान द्यायला सुरुवात केली. त्यात खरी उधळपट्टी होती, तसे संशोधनाचे आणि कलेचेही प्रकल्प होते. उंच उडणाऱ्या विमानातून क्रेप कागद खाली सोडायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं एका कलाकाराचं काम त्यात आलं. वाक्य ऐकलं की कुणीही हसेल. आकाशात रंगांच्या रेषा काढायची कल्पना त्या वाक्यात मावत नाही. माकडांच्या आक्रमकपणावर संशोधन करणारे एक शास्त्रज्ञ मात्र न्यायालयात गेले आणि १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.

एखाद्या कामाचं एका ओळीतलं वर्णन दुसऱ्या कुणी केलं, तर त्या कामाचं काय होऊ शकतं, ते इथे दिसतं. म्हणून तो प्रयोजनाचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रक्कम आणि तारीख यंत्रही भरेल. हे काम कशासाठी, हे ते काम करणाऱ्यानेच साध्या शब्दांत सांगायला हवं आणि यादीत ते त्याच्याच शब्दांत यायला हवं.

व्यक्तींचं काय, हाही प्रश्न उरतो. शेतीचं अनुदान घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचं नाव आणि रक्कम संकेतस्थळावर टाकण्याच्या युरोपीय नियमांना दोन जर्मन शेती-लाभार्थ्यांनी आव्हान दिलं. नोव्हेंबर २०१०मध्ये युरोपीय न्यायालयाने व्यक्तींपुरते ते नियम रद्द केले. किती काळ मिळालं, किती वेळा मिळालं, किती मिळालं, असा कसलाही भेद न करता सरसकट नावं टाकणं प्रमाणाबाहेर आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. संस्थांना मात्र ते नियम लागू राहिले. मला हा भेद योग्य वाटतो. आमच्या संस्थेचं सगळं छापा. पण एखाद्या म्हाताऱ्या लोककलावंताला महिन्याचं मानधन मिळतं, त्याच्या घरचा पत्ता आणि फोन यादीत कशाला? छळातून सुटून आलेल्या बायकांबरोबर नाटक करणाऱ्या गटाची तालमीची जागा कशाला? माझ्या वहीत अशा दोन नोंदी आहेत. दोन्ही ठिकाणी मी पत्र लिहून ते काढायला सांगितलं आणि एका ठिकाणी काढलं गेलं.

आमच्या ओळीबद्दलही मी पत्र लिहिलं. मंजूर रक्कम, जमा झालेली रक्कम आणि कालावधी वेगवेगळे दाखवावेत आणि प्रयोजन अर्जातल्याप्रमाणे लिहावं, एवढीच विनंती. पाच महिन्यांनी उत्तर आलं की विहित नमुन्यात एवढेच रकाने आहेत. उत्तर लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. त्याला जो नमुना दिला तो त्याने भरला.

मग आम्ही आमचाच नमुना केला. तालमीच्या खोलीच्या दारावर एक कागद लावला आणि तोच आमच्या इंटरनेटवरच्या पानावरही टाकला. मंजूर किती, कोणत्या तारखेला किती जमा झाले, आजवर खर्च किती आणि कशावर. मुलं किती आली, किती सोडून गेली. जे फसलं तेही लिहिलं. पहिल्या चार बाहुल्यांचे सांगाडे इतके जड झाले की मुलांचे खांदे दुखायला लागले आणि ते टाकून द्यावे लागले. त्या सांगाड्यांचा खर्च आम्ही लपवला नाही. अध्यक्षांना ते आवडलं नव्हतं, दुसऱ्या हप्त्यावर परिणाम होईल अशी त्यांना धास्ती होती. हप्ता वेळेवर आला. कुणी त्याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर दारावरच होतं.

ते गृहस्थ दर महिन्याला तो कागद वाचतात. एकदा माझ्या बेरजेत चूक सापडली, तीही त्यांनाच. आता मी कागद लावण्याआधी त्यांना दाखवते.

या वर्षी आम्ही पुढच्या टप्प्यासाठी नवा अर्ज केला. 'प्रयोजन' या रकान्यात जेमतेम एक वाक्य मावतं. एरवी मी तो शेवटी घाईने भरायचे. या वेळी सगळ्यात आधी भरला, २६ पानं नंतर लिहिली. कुणी फक्त तेवढीच ओळ वाचली तरी त्याला काम कळावं, असं मनात धरून लिहिलं : 'ऐकू न येणाऱ्या १८ मुलांनी खुणांच्या भाषेत सांगायचं बाहुलीनाट्य, त्याचे ३ खुले प्रयोग.'

त्या गृहस्थांनी ते वाचलं. म्हणाले, "ताई, गेल्या आठवड्यात एक मुलगी गावाला गेली ना कायमची? सतरा करा."

मी १७ केले आणि अर्ज पाठवला.